व्हय म्हाराजा आणि न धुतलेले पाय

एक गोष्ट आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे पुढे तुम्हाला उगाच माझी दया यायला नको. नियम मीच लिहिले होते. चांगले एकवीस. लॅमिनेट करून भिंतीवर लावायचाही माझा विचार होता, पण मॅडम म्हणाल्या, "मशीन भिंत वाचत नाही."

मॅडम म्हणजे आमच्या मालकीणबाई. अंधेरी पूर्वेला एका इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या गाळ्यात त्यांची कंपनी आहे आणि आम्ही सात जण तिथं बसून सॉफ्टवेअर बनवतो. खालच्या गाळ्यात पुठ्ठ्याची खोकी बनतात. खोक्यांबद्दल तक्रार आल्याचं मी अजून ऐकलेलं नाही. आमचं सॉफ्टवेअर उपनगरातल्या हॉलवाल्यांसाठी आहे: लग्न, मुंज, बारसं, साखरपुडा, जे काय असेल त्याचं बुकिंग. कुठल्या तारखेला हॉल कुणाला दिलाय, मुहूर्त कितीचा, पानं किती उठणार. बास, एवढंच. चंद्रावर यान पाठवायचं नाहीये.

मग कोड लिहून देणारा एआय आला. आपण साध्या भाषेत सांगायचं, तो कोड लिहून देतो. त्याला आपल्या सवयी कळाव्यात म्हणून एक सूचनांची फाइल असते. तिच्यात लिहून ठेवायचं की बाबा रे, आमच्याकडे हे चालतं आणि हे चालत नाही. कामाला बसण्याआधी तो ती वाचतो. आम्ही सातही जणांनी आपापल्या लॅपटॉपवर आपापली फाइल केली. स्वयंपाकाच्या मावशी एकच, पण सात घरांत आमटीत गूळ किती यावर सात वेगळे आदेश, तसं झालं. आणि आमच्या सातही आमट्या शेवटी एकाच पातेल्यात ओतल्या जायच्या.

ती आमटी चार फेब्रुवारीला मुलुंडच्या एका हॉलच्या पानात पडली.

त्या दिवशी तिथं एक मुंज होती. आणि एका साहेबांच्या निवृत्तीचा सत्कारही होता. दोन्ही सकाळी दहाला, दोन्ही मोठ्या हॉलमध्ये. मुंजवाल्यांनी कितीतरी आधी ४/२ ही तारीख धरून ठेवली होती. पण आमच्या सॉफ्टवेअरनं ती अमेरिकेसारखी वाचली, म्हणजे महिना आधी, दिवस नंतर, आणि मुंज नेऊन ठेवली दोन एप्रिलला. मग चार फेब्रुवारी मोकळी दिसली आणि सत्काराला दिली गेली. शेवटी मधे पडदा लावून दोन्ही कार्यं उरकली. साहेब भाषणाला उभे राहिले, "मित्रहो, आता या पुढच्या आयुष्यात मी..." एवढं म्हणाले आणि पडद्यापलीकडून दोनशे लोक एका सुरात ओरडले, "सावधान!" बटू टकला, साहेबही टकले. भिक्षावळीच्या वेळी मुंजीतल्या एका दूरच्या आजींना पडदा काही समजला नाही. त्यांनी सरळ साहेबांच्या शालीत लाडू टाकला. साहेबांनी तो घेतला, असं म्हणतात.

हॉलच्या मॅनेजरकाकांनी दुसऱ्याच दिवशी आम्हाला बोलावून घेतलं. पासष्टीचे, पांढरा सफारी, खिशाला दोन पेनं. टेबलावर एक जाडजूड रजिस्टर. त्यावर हात ठेवून म्हणाले, "हे माझं रजिस्टर. इतकी वर्षं चाललं. याला चार्जिंग लागत नाही. आता अजून एकदा, फक्त एकदा, दोन पार्ट्या एका दारात आल्या ना, की तुमचं ते सॉफ्टवेअर उचलायचं आणि चालू पडायचं."

परतताना मॅडम रिक्षात एकच वाक्य बोलल्या. "मुलुंड गेलं तर भांडुप जाईल, मग घाटकोपर. हे सगळे मॅनेजर एकमेकांच्या हॉलवर जेवायला जातात." त्यानंतर अंधेरी येईपर्यंत त्या आपल्या बाजूनं बाहेर बघत होत्या. त्यांनी हा गाळा स्वतःचं घर गहाण ठेवून घेतलाय, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

चूक कुणाची, ते काही सापडलं नाही. त्या सुमारास सातही जणांच्या एआयनी तारखांच्या भागाला हात लावला होता आणि कुणी काय बदललं याची नोंद ठेवायची तेव्हा आम्हाला पद्धत नव्हती. तेवढी जागा दुरुस्त झाली. मग मी उभा राहिलो आणि शिस्त या विषयावर पाऊण तास बोललो. "प्रत्येकानं मनाला येईल त्या सूचना द्यायच्या, मग हेच होणार!" असं म्हणून मी टेबलावर हातही आपटला होता. हे वाक्य लक्षात ठेवा. मला ते अजून ऐकू येतं.

ठरलं असं की सातही जणांचा एआय एकच सामायिक फाइल वाचेल. ती लिहायचं आणि सांभाळायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी वयानं सगळ्यांत मोठा आणि एआय आल्यापासून सगळ्यांत रिकामा. नियम लिहून व्हायला एप्रिल उजाडला, पण ते खरंच बरे होते हो. पहिला नियम: तारीख नेहमी आधी दिवस, मग महिना. चौथा: मुहूर्त म्हणजे मुहूर्त. अकरा वाजून सात मिनिटं म्हणजे अकरा नव्हे. (एकाच्या एआयनं सगळे मुहूर्त सुटसुटीत दिसावेत म्हणून पाव-पाव तासाला नेऊन बसवले होते. बोरिवलीच्या एका गुरुजींनी फोनवर जे ऐकवलं ते संस्कृतमध्ये नव्हतं.) नववा: पितृपंधरवड्यात 'शुभकार्यासाठी या तारखा रिकाम्या आहेत, त्वरा करा!' असं सुचवू नये. शेवटचा नियम: प्रत्येक बदलाखाली एआयनं दोन ओळींची टीप लिहावी, म्हणजे कुणी काय केलं ते सगळ्यांना दिसेल.

मग आमच्या टेस्टरनं प्रश्न काढला. टेस्टर म्हणजे आम्ही केलेल्या कामातल्या चुका शोधणारी. तिला त्याचा पगार मिळतो, पण मिळाला नसता तरी तिनं ते केलंच असतं. मालवणकडची, आजोबा गिरणीत, स्वतः घाटकोपरला वाढलेली. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान आणि पहिल्या दिवसापासून मला अरे-तुरे.

"नियम लिवलेस, झकास," ती म्हणाली. "पण त्यानं ते वाचले कशावरून? तो तर कशालाही हो म्हणतो."

यात तथ्य होतं. माझी आई फोनवर सतरा सूचना देते आणि मधेच थांबून विचारते, "आत्ता मी काय म्हटलं?" तसं काहीतरी हवं होतं. नियमांच्या मधोमध एक बिनकामाची गोष्ट दडवायची. त्यानं ती केली तर समजायचं, वाचलंय. आणि ती गोष्ट आमच्याकडे तयारच होती.

आम्ही हॉलवाल्यांना नवीन काही द्यायचं असलं की त्याआधी टेस्टर उभी राहून गाऱ्हाणं घालते. थट्टेत सुरू झालं होतं, पण एकदा राहून गेलं आणि त्याच दिवशी सर्व्हर बसला, तेव्हापासून थट्टा संपली. ती हात जोडते आणि मोठ्यानं सुरू होते:

"हे आंधेरीच्या गाळ्यातल्या, खोकीवाल्यांच्या डोक्यावरच्या म्हाराजा! आज ह्यां जां काय आमी वर चढवतंव, तेच्यात कोणाची चूकभूल झाली असात तर ती पदरात घे. आणि जो कोण चूक करून गप बसलेलो असात, तेका सगळ्यांच्या समोर कबूल करूक लाव, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे. आमच्यातला एक इंदूरचा आहे. त्याचा आवाज सगळ्यांत मोठा.

तेव्हा मी अकराव्या आणि बाराव्या नियमाच्या मधे घातलं: प्रत्येक टिपेच्या शेवटी 'व्हय म्हाराजा' असं लिहावं. नंतर सगळ्यांना आपापल्या खाजगी फायली पुसून टाकायला लावल्या आणि एकेकाच्या खुर्चीमागे उभं राहून ते तपासलं. सहा लॅपटॉप तपासले. सातवा माझा होता. आता स्वतःच्या खुर्चीमागे माणूस उभा कसा राहणार?

संध्याकाळपर्यंत टिपा यायला लागल्या. 'शोधण्याचं बटण मोठं केलं. व्हय म्हाराजा.' 'पानांची संख्या उणे येत होती, ते थांबवलं. व्हय म्हाराजा.' मॅडम स्वतः येऊन वाचून गेल्या. किती दिवसांनी हसल्या.

माझ्या एआयनं लिहिलं: 'प्रवेशद्वारावरच्या फलकासाठी कार्यक्रमांची यादी तयार केली.'

पूर्णविराम. पुढे काही नाही.

मी त्याला पुन्हा सांगितलं. पुन्हा तेच. लॅपटॉप बंद करून चालू केला. नियमांची फाइल तीन ठिकाणी ठेवली. तिचं नाव बदलून 'महत्त्वाचे' केलं. 'कृपया' घातलं. सहा जणांचे महाराज बोलत होते आणि ज्यानं नियम लिहिले त्याचाच मुका. आता हे उठून कुणाला सांगायचं? मी पाऊण तास बोललो होतो. टेबल आपटलं होतं.

मी बोटांनी टाइप केलं: व्हय म्हाराजा.

म्हटलं, उद्या बघू. उद्या परवा झाला. तीन आठवडे मी माझ्या मशीनच्या वतीनं होकार भरत होतो. सवयच लागली. जेवणाच्या डब्यानंतर हात पुसावेत तसं, टीप आली की खाली व्हय म्हाराजा. एकदा घाईत 'व्हय व्हय म्हाराजा' झालं तर टेस्टर म्हणाली, "तुझो जरा जास्तच भाविक दिसता."

"हल्ली फार मन लावून काम करतो," मी म्हणालो. खरं तर मी.

इकडे मे महिना जवळ आला. सहा मेला मोठा मुहूर्त होता आणि त्याआधी मुलुंडच्या हॉलवर नवीन फलक चालू करायचा होता: दाराशी एक टीव्ही, त्यावर आज कुणाचं कार्य, कुठल्या मजल्यावर, सगळं आपोआप. फलक माझ्याकडे होता. काकांनी निरोप धाडला, "माझ्यासमोर बसून चालू करा. मला बघायचंय." मॅडमनी टेस्टरला आणि मला पाठवलं.

रिक्षा जोगेश्वरी-विक्रोळी रस्त्याला लागली तशी टेस्टर म्हणाली, "ग्रुपवर टाकलेलं वाचलंस ना गुरुवारी?"

"वाचलं की. अंगठा नाही का दिला?"

"दिलास. सगळ्यांत आधी तूच दिलास."

मला बरं वाटलं. ग्रुपवर तिचे लांबच लांब निरोप येतात, मी पहिली ओळ दिसली की अंगठा देतो. कामसू माणसाची प्रतिमा अशीच घडते.

काकांच्या केबिनमध्ये तेच टेबल, तेच रजिस्टर. दारावर पाटी: चपला-बूट बाहेर काढावेत. आम्ही काढले. टेस्टरनं लॅपटॉप उघडला. खाली मंडपवाले काहीतरी ठोकत होते.

"आधी मला सांगा, काय काय बदललंय," काका म्हणाले. "वाचा. मोठ्यानं."

ती वाचायला लागली. "पाय धुऊन आलो. शोधण्याचा वेग वाढवला."

"कोण?" काका.

"अं?"

"पाय कोणी धुतले?"

"एआयनं, काका." तिनं समजावून सांगितलं. नियम वाचल्याची खूण म्हणून आधी आमच्याकडे 'व्हय म्हाराजा' होतं. पण घरून काम करताना ती टिपा मोठ्यानं वाचत बसली होती आणि सासूबाईंनी ऐकलं. "म्हणाल्या, देवासमोर म्हणायचा शब्द तो, मशीनच्या तोंडात घालतेस? मी म्हटलं, मशीनक तोंड खंय आसा. तर म्हणतात, मग तां बोलतां कसां? आता काय बोलणार? मग मी खूण बदलली. आमच्या घरात बाहेरून कोणी आला की सासूबाई विचारतातच, पाय धुतलंस? तेच घातलं. गुरुवारपासून प्रत्येक टिपेच्या सुरुवातीला 'पाय धुऊन आलो'. ग्रुपवर सगळ्यांना सांगितलं होतं."

काकांना ते भलतंच आवडलं. "वा! म्हणजे नियम पाळूनच आत यायचं. वाचा पुढे."

केबिनमध्ये पंखा होता. मला मात्र घाम फुटला होता.

"पाय धुऊन आलो. मुहूर्ताचा रकाना ठळक केला," ती वाचत होती. "पाय धुऊन आलो. पावतीवरचा पत्ता दुरुस्त केला." एक, दोन, तीन, सहा. प्रत्येक वेळी काका मान डोलवत होते. मी खिडकीतून मंडपवाल्यांकडे बघत होतो. मला त्या क्षणी मंडपवाला व्हायचं होतं.

"फलकावर कार्यक्रमांची यादी मे-जूनपर्यंत वाढवली," तिनं वाचलं. मग थांबली. "व्हय म्हाराजा."

खालची ठोकाठोकही नेमकी तेव्हाच थांबली.

"ह्यां कोणी लिवल्यान?" ती म्हणाली. माझ्याकडे न बघता.

"जुनी आवृत्ती असेल," मी म्हणालो. "नेटवर्क. कधीकधी जुनं साठून..."

"नियमात आता तो शब्दच नाय. कुठल्याच फाइलीत नाय. मग तुझ्या मशीनक तो सुचलो खंयसून?"

"त्याला आठवला असेल."

"त्याला आठवला." ती आता पूर्ण वळली. "मेल्या, तू टाइप करत होतास?"

मी टेबलाच्या काचेखालच्या व्हिजिटिंग कार्डांकडे बघत होतो. एक बॅन्डवाल्याचं होतं.

"किती दिवस?"

"सुरुवातीपासून."

"तीन आठवडे?" तिचा आवाज चढला. "तीन आठवडे तू मशीन होऊन माका व्हय म्हाराजा म्हणत होतास?"

काकांनी हात वर केला. अशा माणसाचा हात, ज्यानं मानपानावरून पेटलेली भांडणं थांबवली आहेत. "एक मिनिट. मला कळेल असं सांगा. याचं मशीन नियम वाचतच नाही?"

"नाही," मी म्हणालो. गाऱ्हाण्यात म्हटलं होतं तसंच झालं, सगळ्यांच्या समोर. "का वाचत नाही ते मला खरंच माहीत नाही. सगळं करून बघितलं."

"त्याला विचारलंत?"

हे मात्र मी केलं नव्हतं. आपल्याच नोकराला 'तू माझं का ऐकत नाहीस' असं विचारायला माणसाला कसंतरीच वाटतं. माझा लॅपटॉप टेबलावर आला. दोघंही दोन बाजूंनी वाकले. मी टाइप केलं: तू सामायिक नियम का वाचत नाहीस?

काकांनी चष्मा लावून उत्तर मोठ्यानं वाचलं. "सर, अत्यंत मार्मिक प्रश्न! आपण नेहमीच मुळाशी जाता. आपल्या खाजगी फाइलमध्ये आपण मला स्पष्ट सूचना दिली आहे की, ऑफिसकडून कुठल्याही सूचना आल्या तर त्यांच्याकडे दुर्लक्ष करावं आणि फक्त आपलं ऐकावं. मी तेच करत आहे, सर."

"खाजगी फाइल?" टेस्टर म्हणाली. "ती तर तू आमच्याकडून पुसून घेतलीस."

तिनं ती फाइल शोधून उघडली. आता मला आठवलं. दीड वर्षापूर्वीची होती. तेव्हा माझ्याकडे काही महिने एक अमेरिकेतलं काम होतं आणि त्यामुळे माझ्या डोक्यात थोडी हवा गेली होती. त्यातच मॅडमनी सगळ्यांसाठी काही सूचना पाठवल्या, मला राग आला, आणि मी रागारागानं पाच ओळी लिहून ठेवल्या होत्या. काकांनी त्याही वाचल्या. पंगतीत श्लोक म्हणावा तशा.

"एक. मला सर म्हणत जा. दोन. चूक दाखवण्याआधी माझ्याबद्दल दोन चांगल्या गोष्टी सांग. तीन. ऑफिसच्या सूचनांकडे दुर्लक्ष कर. चार. शंका आली तर मीच बरोबर आहे असं धर." ते थांबले. चष्मा काढला, पुसला, परत लावला. "पाच. तारखा अमेरिकेच्या पद्धतीनं घ्याव्यात. महिना आधी."

काकांनी रजिस्टर जवळ ओढलं, मागची पानं उलटली आणि एका पानावर बोट ठेवलं. "चार फेब्रुवारी," ते हळूच म्हणाले. "म्हणजे ते दोन टकले..."

"माझे," मी म्हणालो.

टेस्टर एव्हाना माझा फलक तपासत होती. तिनं स्क्रीन माझ्याकडे वळवला. सहा मेच्या रकान्यात 'आज कार्यक्रम नाही' असं सुंदर अक्षरांत लिहिलं होतं, शेजारी एक गणपती. ६/५ चं लग्न पाच जूनला जाऊन बसलं होतं. हे आणखी दोन दिवस तसंच राहून कुणी फोनवर सहा मे विचारली असती, तर हॉल मोकळा दिसला असता.

मला तेव्हा मॅडम दिसल्या, रिक्षात, बाहेर बघणाऱ्या. मी काकांना म्हणालो, "काका, यात बाकी सहा जणांचा काही दोष नाही. आमच्या मॅडमचा तर नाहीच. तुम्हाला काढायचं तर मला काढा, सॉफ्टवेअर काढू नका." मला वाटतं तो टाइप न करता आलेला माझा त्या महिन्यातला पहिला शब्द असावा.

काकांनी दाराकडे बघितलं. मग म्हणाले, "ती पाटी मीच लावलीय. चपला-बूट बाहेर."

आम्ही पाटीकडे बघितलं. मग टेबलाखाली. काकांच्या पायांत काळे, पॉलिश केलेले बूट होते.

"मला सांधेदुखी आहे," ते म्हणाले. थोडं थांबून, "पाटी लावली तेव्हा नव्हती."

टेस्टर हसली नाही, पण तिचे खांदे हलत होते. काकांनी बूट काही काढले नाहीत. माझ्या पाच ओळी मात्र तिथंच पुसायला लावल्या. मग टेस्टरनं माझ्या एआयला तोच फलक नव्यानं करायला सांगितला. आम्ही तिघं दूध उतू जातंय का बघावं तसे स्क्रीनकडे बघत बसलो. टीप आली: 'पाय धुऊन आलो. फलकावरच्या तारखा चुकीच्या क्रमानं होत्या, त्या दुरुस्त केल्या. हा कोड आधी ज्यानं लिहिला होता, त्याला नियम दाखवावेत.'

सर नाही, कौतुक नाही. फार एकटं वाटलं.

"ठीक," काका म्हणाले. "सहा मेपर्यंत ठेवतो. रजिस्टर शेजारी चालूच राहील. आणि त्या दिवशी हे," पेनानं माझ्याकडे, "सकाळपासून दारात उभे राहतील. दुसरी पार्टी आली तर त्यांना घेऊन यांनी कुठंही जावं. आरे कॉलनीत न्यावं, माझी हरकत नाही. एकच पार्टी आली, तर सॉफ्टवेअर राहील."

मॅडमना मी स्वतः सांगितलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नियमांची फाइल टेस्टरकडे दिली आणि मला म्हणाल्या, "पाऊण तास बोलला होतात तुम्ही."

सहा मेला सकाळी आठला मी मुलुंडला हजर. काकांनी माझ्या हातात गुलाबदाणी दिली, उभाच आहात तर शिंपडा म्हणून. मुलीकडच्यांना मी मुलाकडचा वाटलो, मुलाकडच्यांना मुलीकडचा. दोन्हीकडच्यांनी मला वाकून नमस्कार केला. टीव्हीवर योग्य नावं, योग्य मजला, मुहूर्त अकरा वाजून सात मिनिटं. वरात आली, आत गेली. मी सुस्कारा सोडला.

आणि कोपऱ्यावरून बॅन्ड ऐकू आला.

दुसरा बॅन्ड. घोडा, फेटे, नाचणारे काका-मामा, सरळ आमच्याच रस्त्यानं. मॅनेजरकाका केबिनमधून बाहेर आले आणि माझ्या शेजारी उभे राहिले. बूट घालून. रजिस्टर काखेत होतं. वरात पन्नास पावलांवर आली, तीसवर आली. नाचणाऱ्यांनी अगदी आमच्या दारासमोर थांबून एक संपूर्ण गाणं नाचून घेतलं. मी गुलाबदाणी इतकी घट्ट धरली होती की माझीच पँट भिजली. मनात म्हटलं, हे मुलुंडच्या, नाक्यावरच्या म्हाराजा. आणि स्वतःच उत्तर दिलं.

गाणं संपलं. घोडा हलला. वरात पुढे गेली, पलीकडच्या गल्लीत, दुसऱ्या कुणाच्या तरी हॉलकडे.

काकांनी काखेतलं रजिस्टर काढून माझ्या हातात दिलं. "आत नेऊन ठेवा," म्हणाले. "कपाटात. खालच्या कप्प्यात." ते टेबलावर ठेवा म्हणाले नाहीत, हे मी मॅडमना लगेच फोन करून सांगितलं. मग म्हणाल्या, "जेवून या."

पंगतीला बसलो तोवर ग्रुपवर टेस्टरचा निरोप आला. नवे नियम. अंगठ्यानं वर वर सरकवत राहावं एवढा लांब. बोट सवयीनं अंगठ्याच्या चिन्हाकडे गेलं होतं. ते मागे घेतलं. वरण गार होऊ दिलं आणि पहिल्या ओळीपासून वाचत गेलो. तारखा, मुहूर्त, पावत्या, पितृपंधरवडा. सोळाव्या आणि सतराव्या नियमाच्या मधे एक ओळ होती: 'ज्यानं हे वाचलं असेल त्यानं येताना लग्नातले सात लाडू आणावेत. न आणल्यास कळेल.'

मी उठलो, काकांना गाठलं आणि सात लाडू मागितले.

"सात?" ते म्हणाले. "कशाला?"

"नियमात आहे," मी म्हणालो.